रुंद रस्ता आणि बरा रस्ता

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही भांडायला. समोरची पार्टी घरचीच आहे, माझा मामेभाऊ. (दादा, वाचत असशीलच. त्या दिवशी ताटावर तू बोललास आणि मी मुकाट्याने जेवलो. आता माझी पाळी.)

तर झालं असं. दिवाळीनंतर आजोळी, वाईला गेलो होतो. गाडीच्या मागे सायकल बांधून नेली होती. उजाडता उजाडता निघालो. गणपती घाट, मेणवली, धोम, मग धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने बलकवडी, आणि पाय म्हणाले तर जोर. दुपारी घामेजून परत आलो, हातपाय धुऊन पानावर बसलो, तर दादाने विचारलं, "कसा होता रस्ता? किती अरुंद आहे ना! एकदा मस्त रुंद करून टाकला की धोम दहा मिनिटांत. पर्यटन वाढेल. तुम्हा सायकलवाल्यांची पण सोय होईल."

पर्यटनाचं एक वेळ सोडून देऊ. पण ती "सायकलवाल्यांची सोय" माझ्या घशाखाली काही उतरली नाही. मटकीची उसळ उतरली, हे नाही.

ज्यांनी तो भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, डोंगर उतरून जोरच्या खोऱ्यात येते, बलकवडीला एका धरणात अडते, धोमला दुसऱ्या धरणात, आणि मग वाईच्या घाटांवर येते. लोकांना वाटतं नदीकाठचा रस्ता म्हणजे सपाट. अहो, नदीकाठची सपाट जमीन तर धरणाच्या पाण्याखाली असते! रस्ता बिचारा डोंगराच्या कुशीत सरकतो. मग डोंगराची प्रत्येक सोंड आली की चढ, प्रत्येक ओढा आला की उतार. पसरणी घाट त्या मानाने सरळमार्गी. वाईपासून पाचगणीपर्यंत साधारण बारा किलोमीटर, एक हलका गिअर टाकायचा आणि मान खाली घालून चढत राहायचं. इथे तसं नाही. दर पाच मिनिटांनी गिअर बदला. पायांना लय सापडते न सापडते तोच ओढा येतो.

आणि या रस्त्यावर थांबायला इतकं आहे! मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट, तोच तो 'स्वदेस' (२००४) मध्ये दिसलेला. तिथल्या देवळात वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा. धोमला कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. पुढे कमळगड सोबतीला. आणि शेवटी जोर, जिथे गाडीरस्ता संपतो. वर महाबळेश्वरचं पठार दिसतं, पण तिकडे जायची ती पायवाटच. म्हणजे या रस्त्याने कुणी "कुठेतरी जाता जाता" जात नाही. ज्याला इथेच यायचंय तोच येतो. रस्ता शांत आहे तो त्यामुळे, आणि तो अरुंद आहे म्हणून.

आता मुद्द्यावर येतो. अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर चालक आपोआप हळू जातो. समोरून कोण येईल याची त्याला खात्री नसते, म्हणून तो हॉर्न देतो, बिचकतो, ब्रेकवर पाय ठेवतो. तोच रस्ता सरळ आणि रुंद करा, तोच चालक चाळीसचा साठ करतो. त्यात तो दुष्ट असतो असं नाही. रस्ताच त्याला सांगतो, ये बाबा, दाब. आणि चाळीसचा साठ म्हणजे वेग दीडपट, पण धडकेतली ऊर्जा सव्वादोनपट. हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे, माझं मत नव्हे. २०२० साली स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर जागतिक परिषद झाली. जिथे चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे वेगमर्यादा ३० असावी, असं तिच्या जाहीरनाम्यात आहे. खोऱ्यातल्या गावाचा रस्ता म्हणजे दुसरं काय असतं? त्यावर शाळेची पोरं असतात, म्हशी असतात, डोक्यावर भारा घेतलेल्या बायका असतात. सायकलवाला रविवारचा पाहुणा.

"पण रुंद रस्त्याला साइडपट्टी असते की, तिच्यावरून चालवा!" हेही दादाच म्हणाला. दादा, तीन वर्षांपूर्वी मी साइडपट्टीवरूनच चालवत होतो. हायवे होता, पट्टी चांगली ऐसपैस होती. तिच्यावर एक ट्रेलर उभा होता, ना दिवा ना फांदी. त्याला वळसा घालायला आत आलो आणि मागून असा हॉर्न वाजला की दचकून मीच पडलो. कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात झोळीत होता, भात आईने कालवून दिला. (वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी!) तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने सांगितलं, "आता सायकल बंद कर." रस्त्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

इथपर्यंत लिहिलं आणि वाटलं, जिंकलो. पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. बलकवडीच्या अलीकडे एका घरापाशी पाणी मागायला थांबलो होतो. तिथल्या मावशींशी बोलताना मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "तुमचा रस्ता असाच राहू दे हो, फार सुंदर आहे." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तुमी काय, ऐतवारी येणार आन् जेवायला घरी जाणार. रातचं कुणाच्या पोटात दुखाय लागलं म्हंजी कळंल तुमाला."

मी गप्प. तांब्या खाली ठेवला.

मग जरा वेळाने विचारलं, रस्ता मोठा झाला तर बरं होईल का? "हुईल की," म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "पन आदी ते खड्डं बुजवा. फरशीवरनं पावसाळ्यात पानी जातं, ती उंच करा. आन् येष्टी येळंवर सोडा. मोठ्या रस्त्यावर आमी काय चालत जायाचं?"

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. माझं "असाच राहू दे" हे चूकच होतं. खोरं माझ्या रविवारसाठी नाही. पण दादा, तुझं "रुंद करा" सुद्धा त्यांचं मागणं नव्हे. त्या बाईंच्या यादीत रुंदी शेवटी होती, तीही मी विचारली म्हणून. त्यांना बरा रस्ता हवाय. खड्डे नसलेला, मोऱ्या तुंबत नसलेला, पावसाळ्यात न तुटणारा. रात्री दारात येणारी गाडी हवीय. रुग्णवाहिका अडते ती फरशीवरच्या पाण्याने आणि खड्ड्यांनी, नाहीतर ती मुळात निघालेलीच नसते. उसाचा ट्रॅक्टर समोरून आला तर? दर थोड्या अंतरावर गाडी बाजूला घ्यायला जागा करा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात अजूनही एकपदरी रस्ते असेच चालतात.

रुंदीकरणात आपण काय देऊन बसतो, तेही एकदा मोजूया. डोंगर कापला की कापलेली बाजू उघडी पडते, आणि पावसाळ्यात दरड तिथूनच येते. झाडं जातात. लहानपणी सुरूरहून वाईला येताना एसटीच्या खिडकीतून मी वड मोजायचो, आणि दर वेळी आकडा चुकायचा. गाडीच्या काचा वर करून एसी लावणाऱ्याला सावलीची किंमत कळत नाही. ताशी पंधराच्या वेगाने चढ चढणाऱ्याला कळते, आणि बाजाराहून चालत येणाऱ्याला त्याहून जास्त.

शेवटी एक दोन शब्द माझ्या सायकलवाल्या मित्रांनाही. आपणही साधू नाही. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत बसवायची म्हणून आपण गुळगुळीत हायवे शोधतो, ॲव्हरेज पडलं की हळहळतो, आणि घरी येऊन निसर्गावर बोलतो. ज्याला फक्त लवकर पोहोचायचंय त्याने रुंदीकरणाविरुद्ध ओरडू नये. आपण या खोऱ्यांमध्ये जास्त वेळा यायला हवं, गावात चहा प्यायला हवा, आणि खड्ड्यांची तक्रार करणाऱ्या गावकऱ्यांच्या अर्जाखाली आपलीही सही हवी.

असो. दादा, पुढच्या खेपेला माळ्यावरची तुझी जुनी सायकल खाली काढ, चाकात हवा भरून ठेव. धोमपर्यंतच जाऊ. दहा मिनिटांत नाही, तासाभरात. मग जेवायला बसू, आणि तेव्हा सांग कुणाची सोय झाली ते.