आधी टायर, मग सायलेन्सर!

आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एकदा मान खाली घालून फेरी मारा. मान खाली अशासाठी, की बघायचंय ते टायरकडे. पन्नास-साठ बाइक्स उभ्या असतात, त्यातल्या दहा-बारा तरी साडेतीनशे-चारशे सीसीच्या. सायलेन्सर बाहेरून बसवलेला, चकचकीत. हेडलाइटच्या दोन्ही बाजूंना फॉग लॅम्प. हँडलच्या टोकांना छोटे गोल आरसे. आणि मागचा टायर? गुळगुळीत! आपल्या मेसच्या पोळीवरसुद्धा त्यापेक्षा जास्त नक्षी असते.

आपण सगळे भावी इंजिनिअर. ओरलला एक्स्टर्नलसमोर फ्रिक्शनची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतो. मग स्वतःच्या बाइकवर खर्च करायची वेळ आली की हे सगळं ज्ञान जातं कुठे?

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, मी मॉडिफिकेशनच्या विरोधात नाही. पार्ट बदलून बघणं, खोलून परत जोडणं हे इंजिनिअरने नाही करायचं तर कोणी करायचं? माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. बाइक निवडताना जे नंतर बदलता येत नाही ते आधी बघावं. आणि पार्ट बदलताना जे आपल्याला थांबवतं, वळवतं आणि रस्ता दाखवतं, त्यावर आधी पैसा घालावा. आवाजाचा नंबर शेवटचा. खरं म्हणजे त्याला नंबर द्यायचीच गरज नाही. (कॉन्व्हेंटवाली असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे, मुद्दा मात्र माझाच राहू द्यावा!)

आता निवडीकडे वळू. होतं काय, की बजेटमध्ये साडेतीनशे बसते, मनात मात्र ३९० असते. मग साडेतीनशे घ्यायची आणि पार्ट लावून तिला ३९० करायची, असा प्लॅन ठरतो. आकडे बघा. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं, ताकद साधारण २० हॉर्सपॉवर, टॉर्क २७ न्यूटन-मीटर आणि वजन १९५ किलो. २०२३ मध्ये आलेल्या नव्या केटीएम ३९० ड्यूकचं इंजिन ३९९ सीसीचं, ताकद जवळजवळ ४५ हॉर्सपॉवर आणि वजन १७० किलोच्या आत. हा दुपटीपेक्षा जास्त फरक सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलून भरून निघेल का? फार तर एक-दोन हॉर्सपॉवर मिळते, तीसुद्धा ट्यूनिंग नीट जमलं तर. ताकद हवी असेल तर ती शोरूममध्येच घ्यावी लागते.

उलट बाजूनेही बघा. क्लासिकचा तो टॉर्क ४००० आरपीएमलाच मिळतो. ट्रॅफिकमध्ये, डबलसीट, घाटात चौथ्या गिअरमध्ये निवांत चढायला ती मस्त आहे. तिला सात-आठ हजारांवर पिळण्यात काही अर्थ नाही, कारण ती त्यासाठी बनवलेलीच नाही. आणि टॉप स्पीड काढायचा तरी कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी, समृद्धी महामार्गावरही बंदी. उरतात आपले राज्यमार्ग, त्यावरचे स्पीडब्रेकर आणि म्हशी.

दुसरी गोष्ट वजन आणि उंची. माझी उंची पाच फूट दोन इंच. मी सेकंडहँड हंटर ३५० घेतली तेव्हा मुलांनी "बुलेट घ्यायची ना!" म्हणून बरंच पिडलं. पण हंटर १८१ किलोची आहे आणि तिच्यावर बसून माझे पाय जमिनीला नीट टेकतात. पार्किंगच्या उतारावर बाइक मागे ढकलताना चौदा किलोचा फरक काय असतो, ते ढकलणाऱ्यालाच कळतं. सीट थोडीफार कमी-जास्त करता येते, वजन मात्र कुठल्याच दुकानात कमी करून मिळत नाही.

तिसरी गोष्ट एबीएस. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या बाइक्सना ते सक्तीचं झालं. त्याआधीची सेकंडहँड घेत असाल तर एबीएस आहे का हे आधी विचारा, कारण ते नंतर बाजारातून आणून बसवण्यासारखं नाही. आणि चौथी गोष्ट टॅक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्या बाइकवर ४० टक्के. मूळ किंमत दोन लाख धरली तर एकीकडे टॅक्स ३६ हजार आणि दुसरीकडे ८० हजार. मधले ४४ हजार म्हणजे उत्तम टायरचा जोड, चांगलं हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि वर्षभराचं सर्व्हिसिंग. निवडीतच अपग्रेडचे पैसे सुटतात ते असे.

सेकंडहँड घेणाऱ्यांना एक सल्ला. आधीच्या मालकाने सायलेन्सर बदललेला असेल तर पहिला प्रश्न विचारा, "ओरिजिनल कुठे आहे?" तो पोत्यातून काढून दिला तर ठीक. "विकून टाकला" असं उत्तर आलं तर नव्या ओरिजिनलची किंमत व्यवहारातून वजा करा. आरसी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सही करून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

आता पार्टकडे. आधी टायर, कारण इंजिन, ब्रेक आणि एबीएस या सगळ्यांची करामत शेवटी तळहाताएवढ्या दोन रबरी ठिपक्यांमधूनच रस्त्यावर उतरते. एक साधं गणित करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले 2μg. चांगला टायर आणि कोरडा रस्ता यासाठी μ ०.८ धरा, उत्तर साधारण १८ मीटर येतं. गुळगुळीत टायर आणि ओला रस्ता यासाठी ०.४ धरा, उत्तर ३५ मीटर. मधले १७ मीटर म्हणजे एका एसटी बसच्या लांबीपेक्षा जास्त! यात ब्रेक दाबायला लागणारा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तर आणखी १७ मीटर.

टायर घेताना त्याच्या बाजूला लिहिलेलं वाचा. ११०/७० आर १७ ५४ एच याचा अर्थ रुंदी ११० मिलीमीटर, उंची रुंदीच्या ७० टक्के, रेडियल बांधणी, १७ इंची रिम, ५४ म्हणजे २१२ किलो भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालणारा. चार आकडी तारीखही असते. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. आणि लूकसाठी मूळ रिमवर जास्त रुंद टायर चढवू नका. अरुंद रिमवर तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि वळणावर बाइक झुकवताना भरवसा राहत नाही.

आमच्या बॅचमधल्या एकाने मागच्या वर्षी सायलेन्सर आणि लाइट यांवर बावीस हजार घातले. टायर "पुढच्या महिन्यात" बदलणार होता. जूनमध्ये ताम्हिणीत, पहिल्याच पावसात, एका साध्या वळणावर मागचं चाक सुटलं. वेगही फार नव्हता. कॉलरबोन मोडलं, दोन पेपर बुडाले, आणि त्याची आई गावाहून येऊन तीन आठवडे हॉस्टेलजवळ खोली घेऊन राहिली. त्या सायलेन्सरला मात्र ओरखडासुद्धा आला नव्हता.

टायरनंतर ब्रेक. पॅड झिजले की बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो आणि लांब घाट उतरताना लिव्हर ढिला लागायला लागतो. साधारण दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं. मग सस्पेन्शन. बहुतेक बाइक्सना मागच्या शॉकअपचा प्रीलोड फिरवायची सोय असते. एकटं जाताना आणि डबलसीट जाताना तो वेगळा हवा. याला एक रुपयाही लागत नाही, लागतो तो टूलकिटमधला पाना. तो पाना आपल्यापैकी किती जणांनी प्लॅस्टिकमधून बाहेर काढलाय?

लाइटचं थोडं टेक्निकल आहे. जुन्या हॅलोजन हेडलाइटमध्ये ५५ वॉटच्या जागी ९० वॉटचा बल्ब घातला तर करंट साधारण ४.६ अँपिअरवरून ७.५ वर जातो. वायर आणि होल्डरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ २.७ पट. मग होल्डर वितळला की दोष कंपनीला! शिवाय समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारून तो आंधळा झाला, तर तो येणार आपल्याच अंगावर. आधी हेडलाइटची काच साफ करा आणि झोत नीट खाली सेट करून घ्या. अर्धं काम तिथेच होतं.

आता तो लाडका सायलेन्सर. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ बाइकमध्ये सायलेन्सर म्हणजे नुसता पाइप राहिलेला नाही. त्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतात, आणि सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू पेट्रोलचं प्रमाण ठरवतो. एक तुकडा काढून तिथे पोकळ नळी घातली की हे सगळं गणित बिघडतं. बऱ्याचदा खालच्या आरपीएमचा टॉर्कच कमी होतो, म्हणजे ज्यासाठी साडेतीनशे घेतली तेच जातं. पण आवाज वाढल्यामुळे बाइक जोरात पळतेय असं वाटतं. मी तर याला स्पीकर बसवणं म्हणते. डेसिबल १० ने वाढले की ध्वनीची ताकद १० पट होते. इतर सगळ्या अपग्रेडचा फायदा-तोटा मालकाचा असतो. याची किंमत मात्र रात्री दीड वाजता सबमिशन पूर्ण करणारी अख्खी विंग भरते.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्याच दुरुस्तीने बेकायदेशीर बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, अशी तरतूद केली. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येतो तो वेगळाच.

अजून एक. नवी बाइक आली की हॉस्टेलमध्ये पहिल्यांदा काय काढलं जातं? साडी गार्ड! "काकू-लूक" येतो म्हणे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असावं, असा नियमच आहे. मागे बसलेल्या मैत्रिणीची ओढणी वाऱ्यावर उडताना एकदा बघा, म्हणजे त्या काकू-लूकची किंमत कळेल.

कोणी म्हणेल, मग यात इंजिनिअरिंगची मजा काय राहिली? त्यांनी आपल्या बाहाच्या टीमला विचारावं. बाहा एसएई इंडिया ही स्पर्धा २००७ पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला भरत आली. तिथे कित्येक वर्षं सगळ्या टीमना एकाच प्रकारचं १० हॉर्सपॉवरचं इंजिन असायचं, आणि त्याला हात लावायचा नाही हा नियम. ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक झाली नाहीत तर पुढे जाता यायचं नाही. मग टीम जिंकायची कशावर? फ्रेम, सस्पेन्शन, वजन, स्टीअरिंग यांवर. म्हणजे वर्कशॉपमध्ये आपण जे बरोबर करतो, तेच गेटबाहेर नेमकं उलटं करतो.

मध्यंतरी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर सूचना लागली, की पुढच्या सेमिस्टरपासून सायलेन्सर बदललेल्या बाइक्सना आत प्रवेश नाही, आणि तक्रारी थांबल्या नाहीत तर सगळ्याच बाइक्स बंद. यातल्या पहिल्या भागाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दुसऱ्या भागाला नाही. चार जणांच्या आवाजासाठी, रात्री लायब्ररीतून परतणाऱ्या किंवा शनिवारी घरी जाणाऱ्या सगळ्यांची गाडी का बंद व्हावी?

म्हणून रेक्टर सरांना आणि मेकॅनिकलच्या सरांना एक विनंती. महिन्यातून एका शनिवारी दुपारी दोन तास वर्कशॉप उघडून द्या. हवेचा गेज, चेन साफ करायचा ब्रश, टॉर्क रेंच आणि देखरेखीला एक वर्कशॉप असिस्टंट काका, एवढं पुरे. टायर, पॅड, चेन, लाइट आणि सायलेन्सर तपासून ज्याची बाइक पास होईल त्याला पार्किंगचा स्टिकर द्या. नापास झाला तर महिनाभराची मुदत. केटी सोडवायला आपल्याला मिळतेच की! तपासणीचा तक्ता मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी तयार केलाय. पहिल्या शनिवारी स्वतःच्या बाइक घेऊन आम्हीच लाइनीत पहिल्या उभ्या राहू.

बघा, पटतंय का. पटलं तर ज्यांना यायचंय त्यांनी मेसबाहेरच्या यादीत नाव आणि बाइकचा नंबर लिहावा.