पूर वाळू परत आणतो काय?

‘एक पावसाळा जाऊ द्या, वाळू पुन्हा भरून येईल!’ नांदेडच्या गोदाकाठी आणि लातूरच्या मांजराकाठी हे वाक्य इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की ते खरे आहे का, हे तपासावे असे कुणालाच वाटत नाही. माझे म्हणणे असे, की ते आज खोटे आहे. आणि त्या खोट्याच्या आधाराने आपण आपल्याच विहिरी कोरड्या करीत आहोत.

वसई-उत्तनच्या वाचकांना समुद्राचा व्यवहार ठाऊक आहे. खुल्या किनाऱ्यावरची वाळू पावसाळी लाटा ओढून नेतात आणि शांत ऋतूतील संथ लाटा ती पुष्कळशी परत आणून टाकतात. आडोशाच्या खाडीत मात्र तसे घडत नाही. तेथे वादळ वाळू नेते. ती परत आणणारी लाट तिथवर पोचतच नाही. म्हणून अशा किनाऱ्यावर माणसाने वाळूची भर घातली, तरी काळाच्या ओघात ती झिजते आणि पुन्हा भर घालावी लागते. नेणारा आहे, पण आणणारा नाही.

आपल्या नद्यांची आपण हीच गत केली आहे. गोदावरीवर १९७६ साली पैठणला जायकवाडी उभे राहिले. नांदेडजवळ विष्णुपुरी प्रकल्प झाला. मांजरेवर धनेगावचे धरण आहे. या धरणांनी शेती फुलविली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु साचलेल्या पाण्यात वाळू तळाशी बसते आणि दारे उघडल्यावर खाली येतो तो बहुतांशी नुसत्या पाण्याचा पूर. ओढे-नाले जी थोडी वाळू आणतात, तिची वाट न पाहता यंत्रे पात्रात उतरतात.

वाळू ही नदीची कोठी आहे. तिच्या कणांमधील पोकळीत आकारमानाच्या सुमारे एक-तृतीयांश पाणी मावते. ती उपसून पात्र खोल गेले, की काठच्या विहिरींचे पाणीही खाली उतरते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याचे कारण केवळ वाळूउपसा, असे मी म्हणत नाही. पण ज्याने असा दुष्काळ पाहिला, त्यानेच ही कोठी फोडावी काय?

‘कायदा आहे ना?’ असे कुणी म्हणेल. आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरण-मंजुरी आवश्यक ठरविली. परंतु रात्री भरलेला ट्रक पहाटे रिकामा होतो तो आपल्यासारख्यांच्याच अंगणात! घर असो वा धर्मग्रामाचे सभागृह, वाळूची पावती मागावी. दगडाच्या चुऱ्याची कृत्रिम वाळू वापरता येते, ती वापरावी.

वाळूवर घर बांधणारा मूर्ख ठरला, हा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. शेजाऱ्याच्या विहिरीची वाळू काढून खडकावर घर बांधणाऱ्याला काय म्हणावे?