माल खरा, पण भाव?

कृत्रिम बुद्धिमत्तेशी संबंधित समभागांची चर्चा आज पेढ्यापेढ्यांवर चालते. हे तंत्रज्ञान टिकेल यात फारशी शंका नाही. परंतु तंत्रज्ञान खरे ठरणे आणि त्याचा समभाग घेणाऱ्यास लाभ होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकेतील सिस्को ही कंपनी इंटरनेटच्या जाळ्यासाठी लागणारी यंत्रसामग्री बनवते. मार्च 2000 मध्ये तिचा समभाग सुमारे 80 डॉलरांवर पोहोचला आणि बाजारमूल्यात ती काही काळ जगात पहिली ठरली. इंटरनेट जग व्यापील, हे तेव्हाच्या खरेदीदारांचे भाकीत पुढे अक्षरशः खरे झाले. कंपनीही बुडाली नाही. पंचवीस वर्षांत तिची वार्षिक विक्री सुमारे तिप्पट झाली. तरीही ऑक्टोबर 2002 मध्ये समभाग दहा डॉलरांखाली आला, आणि जुना उच्चांक ओलांडण्यास डिसेंबर 2025 उजाडावा लागला. लाभांशदेखील 2011 मध्ये सुरू झाला.

मालाची पारख अचूक होती. घात भावाने केला. समभागामागील वार्षिक नफ्याच्या शंभरपटीहून अधिक किंमत तेव्हा मोजली गेली होती. कापसाचा वा सोन्याचा सौदा भाव ठरविल्यावाचून कोणी करीत नाही, समभाग घेताना मात्र तीच मंडळी (नवलच म्हणायचे!) केवळ कंपनीचे नाव विचारतात. वास्तविक, बाजारभावाला प्रतिसमभाग नफ्याने भागणे, एवढाच हिशेब आधी करावयाचा असतो.

2002 च्या मंदीत हाच समभाग पूर्वीच्या आठव्या हिश्श्यात मिळत होता. तेव्हा त्याला गिऱ्हाईक फारसे नव्हते.