इस्पितळातील ताट हाही उपचारच

ज्या व्याधीवर आजवर एकही खात्रीचे औषध उपलब्ध झालेले नाही, आणि जिचा सारा उपचार रोग्याच्या ताटातून काही धान्ये जन्मभरासाठी वगळण्यातच सामावलेला आहे, अशा व्याधीचा मनुष्य जेव्हा पाय मोडला म्हणून, बाळंतपणासाठी म्हणून किंवा तापाने ग्लानी आली म्हणून इस्पितळात दाखल होतो, तेव्हा त्याला सलाईन लागते, गोळ्या वेळेवर मिळतात, रक्त तपासले जाते. परंतु जे त्याचे रोजचे औषध, ते निर्धोक जेवण मात्र त्याला मिळेलच असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. सिलिअ‍ॅक या व्याधीने ग्रस्त असलेल्या रुग्णांची ही अवस्था आपल्या सार्वजनिक विचाराच्या कक्षेत अद्याप आलेली नाही. ती यावी, आणि पथ्याचे जेवण ही रुग्णालयाने दाखवलेली मेहेरबानी न मानता उपचाराचा अविभाज्य भाग मानला जावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम या व्याधीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ज्यांच्या प्रकृतीत तशी आनुवंशिक प्रवृत्ती आहे, अशांपैकी काहींच्या शरीरात हे प्रथिन गेले म्हणजे त्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म अंकुर झिजून सपाट होतात, आणि मग पोटभर जेवूनही अंगी लागत नाही. मुलांची वाढ खुंटते, पोट नगाऱ्यासारखे फुगते, जुलाब हटत नाहीत; मोठ्या माणसांत लोहाच्या गोळ्यांनीही न हटणारा पंडुरोग आणि ठिसूळ होत जाणारी हाडे एवढ्याच खुणा कित्येकदा दिसतात. वजन उतरवण्याच्या हौसेने पोळी सोडणाऱ्यांचा जो एक वर्ग अलीकडे शहरांतून उदयास आला आहे, त्याच्याशी या रुग्णांची गल्लत करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ज्यांना गहू नको आहे त्यांची गोष्ट वेगळी आणि ज्यांना तो चालतच नाही त्यांची वेगळी. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला बहुतेक तज्ज्ञांच्या मते दिवसाकाठी दहा मिलिग्रॅमपर्यंतचेच ग्लुटेन सोसते, आणि एका पोळीच्या बारीकशा तुकड्यात त्याहून कितीतरी अधिक असते.

हा रोग आपल्याकडचा नव्हे, पंजाब-हरियाणाकडचा, असे म्हणून हात झटकण्याची वहिवाट आहे. तिला आधार मुळीच नाही असे नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत या व्याधीची सूचक प्रतिपिंडे रक्तात असलेल्या प्रौढांचे प्रमाण उत्तरेत शेकडा १.२३, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० असे आढळले. परंतु त्याच पाहणीने हेही दाखवले, की आनुवंशिक प्रवृत्ती या तिन्ही भागांत फारशी निराळी नव्हती. मोठा फरक होता तो गहू खाण्याच्या प्रमाणात. याचा अर्थ उघड आहे. भात खाणाऱ्या मुलखात प्रवृत्ती असूनही रोग बराचसा झाकून राहतो, आणि ताटात गहू वाढला म्हणजे तो वर येण्याची शक्यता वाढते. आमच्या वसईच्या किनारपट्टीत नेमके हेच परिवर्तन घडून आले आहे. भुईगाव, गास, निर्मळ या पट्ट्यात तांदळाची भाकरी, भात आणि मासळी हाच एके काळी नित्याचा आहार होता. पुढे रेशनच्या दुकानातून गहू आला, बेकरीचा पाव आला, आणि आज शाळकरी मुलांच्या डब्यात पोळी, बिस्किटे व नूडल्स यांवाचून दुसरे काही क्वचितच दिसते. त्यातच नालासोपारा-विरारच्या परिसरात उत्तर हिंदुस्थानातून येऊन स्थायिक झालेली असंख्य कुटुंबे राहतात. तेव्हा वसई तालुक्यातील रुग्णालयांना हा प्रश्न परका मानता येणार नाही.

आता सर्वसाधारण रुग्णालयातील एका दिवसाचे ताट पाहा. सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटे किंवा टोस्ट येतो. न्याहारीला रव्याचा उपमा, शेवयांची खीर किंवा गव्हाचा दलिया, कारण ‘हलका आहार’ म्हटला की बहुतेक मुदपाकखान्यांना हेच तीन पदार्थ आठवतात. अशक्तपणा असेल तर दुधात घालायला माल्टची पूड, जी जवापासून केलेली असते. दुपारी वरण, भात, भाजी आणि दोन पोळ्या. रुग्णाच्या नातेवाइकाने पोळ्या परत केल्या तर वाढणाऱ्या मावशी अगदी मायेने म्हणतात, “नको तर राहू द्या ताई, नुसता वरणभात खाऊ द्या पेशंटला, त्यात कुठे आलाय गहू?” मावशींचा यात यत्किंचितही दोष नाही. वरणात गहू दिसत नाही हे खरेच आहे. पण ज्या हिंगाची त्याला फोडणी दिली, तो डबीतला हिंग निखळ हिंग नसतो, त्यात डिंक व पीठ मिसळलेले असते, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. ज्या पळीने शेवयांची खीर ढवळली तीच पळी भाताच्या पातेल्यात गेली असेल. ज्या तव्यावर पोळ्या भाजल्या त्याच तव्यावर, रुग्णासाठी म्हणून मुद्दाम, तांदळाची भाकरी टाकली असेल. आणि त्या भाकरीचे पीठ तरी गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेले नसेल याची शाश्वती कोण देणार? अशा रीतीने सर्वांचा हेतू निर्मळ असूनही रुग्णाच्या पोटात अपाय जातो, आणि दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले की त्याचे खापर प्रतिजैविकांवर फुटते.

या रोगाचा इतिहासच मुळी इस्पितळातील ताटाचा इतिहास आहे. लंडनच्या सॅम्युएल गी या वैद्याने १८८८ साली त्याचे आधुनिक वर्णन केले आणि रुग्ण बरा व्हायचा असेल तर तो आहारानेच होईल असे बजावले. मात्र कोणत्या आहाराने, हे त्याला उलगडले नव्हते. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी अशा मुलांना केळ्यांवर ठेवले आणि मरणोन्मुख मुले सावरली. आगाशीच्या सुकेळ्यांचा लौकिक पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या आम्हा वसईकरांना यात केळ्याचा गौरव दिसला तर नवल नाही. परंतु गुण केळ्याचा नव्हता, केळ्यांच्या पथ्यात पाव बाद झाला होता याचा होता, आणि हे न कळल्यामुळे बरी झालेली मुले पुन्हा पावाकडे वळली की व्याधी परतत असे. खरे कारण हुडकले ते हॉलंडमधील हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयाचे प्रमुख विलेम डिके यांनी. गव्हाविषयीचा त्यांचा संशय महायुद्धापूर्वीचाच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात अन्नान्नदशा होऊन पाव दुर्मिळ झाला, त्या काळातील अनुभवाने तो बळावला, आणि वर्षानुवर्षे आपल्या बालरुग्णांचा आहार, वजन व शौच यांच्या नोंदी काटेकोरपणे ठेवून १९५० साली त्यांनी उट्रेख्ट विद्यापीठाला प्रबंध सादर केला. रुग्णालयाच्या मुदपाकखान्याकडे लक्ष देणाऱ्या एका वैद्याने ज्या रोगाचे मर्म शोधले, त्याच रोगाच्या रुग्णाला रुग्णालयाच्याच मुदपाकखान्यात थारा नसावा, ही गोष्ट वैद्यकाला भूषणावह नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा घेतला जातो. शहरातील दुकानांत ‘ग्लुटेनमुक्त’ अशी मोहोर मारलेली पिठे आणि बिस्किटे अवाच्या सवा दराने विकली जातात, ती रुग्णालयाने कोठून पुरवावीत, असा सवाल केला जातो. परंतु त्या बिस्किटांची गरजच काय? कोकणात आजाऱ्याला पहिल्यापासून दिली जात आली ती पेज. मऊ भात, मेतकूट नसलेले साधे तूप-मीठ, मुगाचे पातळ वरण, उकडलेला बटाटा, अंडे, ताजी मासळी, ताक, केळे, यांपैकी एकाही पदार्थात मुळात ग्लुटेन नाही. ज्या पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर नागली आणि वरई पिकते, त्या जिल्ह्यातील रुग्णालयाने नागलीची आंबील किंवा वरईचा भात देण्यासाठी परदेशी मालाची वाट पाहण्याचे कारण नाही. धान्य आपल्या कोठारात आहे. उणीव आहे ती ते धान्य दळण्यापासून ताटात पडेपर्यंत वेगळे राखण्याच्या शिस्तीची.

आणि ही शिस्तही आपल्याला अपरिचित नाही. उपवासाची भाजणी दळायला नेताना घरची बाई गिरणीवाल्याला “दादा, आधी जातं साफ करा” असे बजावते आणि तो मुकाट्याने करतो. मुंबईच्या आसमंतातील मोठ्या स्वयंपाकघरांत कांदा-लसूण वर्ज्य असलेले जैन जेवण वेगळे शिजते, वेगळ्या पळीने वाढले जाते, आणि त्यात कोणालाही अतिरेक वाटत नाही. जी दक्षता आपण श्रद्धेपोटी घेऊ शकतो, ती रोग्याच्या आतड्यासाठी घेता येणार नाही, हे म्हणणे टिकणारे नाही.

श्रद्धेचा विषय निघालाच आहे, तर आमच्या वसईतील ख्रिस्ती वस्तीच्या गावांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण देतो. मिस्सामधील ख्रिस्तप्रसादाची भाकर गव्हाचीच असली पाहिजे, हा कॅथलिक चर्चचा अढळ नियम. सिलिअ‍ॅकच्या भाविकासमोर, आणि इस्पितळातील खाटेवर पडल्या पडल्या प्रसाद घेणाऱ्या रुग्णासमोर, यामुळे मोठाच पेच उभा राहिला. २००३ साली रोमने लेखी खुलासा केला, की पूर्णतः ग्लुटेनविरहित भाकर ग्राह्य नसली तरी भाकर होण्यापुरतेच अत्यल्प ग्लुटेन असलेली भाकर चालेल, आणि जिला तीही सोसत नाही त्या व्यक्तीने केवळ द्राक्षारसाच्या रूपात प्रसाद घेतला तरी तो पूर्णच होय. २०१७ साली हीच भूमिका पुन्हा स्पष्ट करण्यात आली. शतकानुशतकांच्या नियमाने बांधलेली संस्था जर एकेका दुबळ्या भाविकासाठी एवढा बारकाईने विचार करून लेखी तजवीज करते, तर ज्यांना कोणताही धर्मनियम आड येत नाही त्या रुग्णालयांनी ती न करण्याला कोणती सबब उरते?

दुसरा आक्षेप असा, की मग नातेवाइकांनीच घरून डबा आणावा. भुईगावातून बंगलीच्या वा वसई गावातल्या रुग्णालयात डबा नेणे एखाद्या कुटुंबाला जमेलही; पण तोच रुग्ण परळच्या इस्पितळात हलवला गेला, तर पहाटेची गाडी पकडून रोजचे तीन डबे पोहोचवणे कोणाला झेपेल? शिवाय अनेक खासगी रुग्णालयांत बाहेरील अन्नास सक्त मनाई असते, म्हणजे आत निर्धोक अन्न नाही आणि बाहेरचे आणण्याची मुभा नाही, अशा कात्रीत रुग्ण सापडतो. वास्तविक रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानकांत रुग्णाला त्याच्या वैद्यकीय गरजेनुसार आहार मिळावा, आणि कुटुंबीय अन्न आणत असतील तर त्यांना पथ्यमर्यादा समजावून द्याव्यात, अशी अपेक्षा आहेच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचाराच्या ठरावीक रकमेतच रुग्णाचे भोजन अंतर्भूत आहे. तेव्हा प्रश्न नव्या कायद्याचा नसून, आहे त्या तत्त्वाला दैनंदिन व्यवहारात उतरवण्याचा आहे.

इटलीने मात्र कायदाच केला. तेथील २००५ च्या कायद्यानुसार शाळा आणि रुग्णालये यांच्या भोजनालयांत मागणी करणाऱ्या सिलिअ‍ॅक रुग्णाला ग्लुटेनमुक्त जेवण देणे बंधनकारक आहे. आणि तो देश, हे विसरता कामा नये, गव्हावरच जगणारा आहे. आम्ही तर तांदळाच्या मुलखातले.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आणि कमी खर्चाच्या आहेत. दाखल होतानाच्या अर्जात औषधाच्या अ‍ॅलर्जीच्या रकान्याखाली आहाराच्या पथ्याचा स्वतंत्र रकाना असावा, आणि तेथील नोंद केसपेपरवर, खाटेवरील पाटीवर व मुदपाकखान्याच्या नोंदवहीत अशा तिन्ही ठिकाणी उतरवली जावी. मधुमेहाचा आहार, बिनमिठाचा आहार, मूत्रपिंडाचा आहार असे जे ठरलेले वर्ग आहेत, त्यांत ग्लुटेनमुक्त आहाराचा वर्ग दाखल करावा. एक कुकर, एक तवा, एक पातेले, एक पळी आणि झाकणाचा एक डबा, एवढे सामान निराळ्या रंगाच्या खुणेने बाजूला ठेवावे, व हिंगाशिवायची फोडणी हा त्या वर्गाचा शिरस्ता असावा. जेथे भोजनाचा ठेका दिला जातो, तेथे ही अट ठेक्याच्या करारनाम्यातच नमूद व्हावी आणि वाढणाऱ्या मावशींपर्यंत तिचे कारण समजावून पोहोचावे. जेथे हे काहीच तूर्त शक्य नाही, तेथे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली घरच्या डब्याला लेखी परवानगी मिळावी. आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीही संकोच सोडून, दाखल होताक्षणीच, वैद्यकीय अहवालाची प्रत पुढे करून हे पथ्य सांगावे; ‘उगाच त्रास कशाला द्यायचा’ या आपल्या भिडस्त स्वभावाची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

वसई-विरार महानगरपालिकेने आपल्या रुग्णालयांपुरता हा शिरस्ता घालून दिला, तर त्याला फार मोठ्या अंदाजपत्रकाची आवश्यकता पडणार नाही, आणि तालुक्यातील धर्मादाय व खासगी रुग्णालयांना त्याचे अनुकरण करणे अवघड जाणार नाही. अशा रुग्णांची संख्या थोडी आहे, हे कारण पुढे केले जाईल. पण संख्या थोडी म्हणून दुर्मिळ रक्तगटाच्या रुग्णाला आपण न जुळणारे रक्त देत नाही. मग थोड्यांच्या पथ्याची जबाबदारी मात्र आपण ज्याची त्याच्यावर का सोपवावी? चुकीची गोळी दिली गेली तर रुग्णालय चौकशी लावते. चुकीचे ताट दिले गेले तरीही त्याच गांभीर्याने चौकशी व्हावी, असा नियम ज्या दिवशी होईल, त्या दिवशी या रुग्णांचा उपचार खऱ्या अर्थाने सुरू झाला असे म्हणता येईल.