सावलीतली गाठ

सारसोळ्याच्या खाडीकाठी होडीचा एखादा दोर वेटोळे करून उन्हात उंच धरला, की जमिनीवरची त्याची सावली स्वतःलाच छेदून जाते. सावलीत फुली दिसते. दोराला मात्र कुठेच गाठ नसते. गणितातल्या एका भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या विषयाचे मर्म एवढेच आहे, आणि आपल्या मुलांच्या कानावर ते कधी पडत नाही, ही माझी तक्रार आहे.

शाळेतल्या बीजगणिताचेच समीकरण घ्या: य² = क्ष² + क्ष³. आलेख काढलात तर रेघ शून्यापाशी स्वतःला छेदते. आता य ऐवजी त × क्ष लिहा आणि दोन्हीकडून क्ष² काढून टाका. उरते त² = १ + क्ष. क्ष शून्य असताना त एकदा १, एकदा उणे १. म्हणजे फुलीतल्या दोन रेघा निरनिराळ्या उंचीवर गेल्या. गाठ सुटली!

श्रीराम अभ्यंकरांनी जन्मभर हेच केले, फक्त फार अवघड आकारांवर. उज्जैनला १९३० साली जन्मलेला हा मराठी माणूस मुंबईत शिकून हार्वर्डला गेला, आणि शाळेतले बीजगणित हेच सर्वांत मोठे हत्यार, असे अखेरपर्यंत सांगत राहिला. पुण्यातले भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनीच १९७६ मध्ये स्थापले. आपण मात्र दहावीला बीजगणित आणि भूमितीचे पेपर वर्षानुवर्षे वेगळे ठेवले. मग समीकरणालाही आकार असतो, हे पोराला कळणार कसे?

कुणी विचारेल, याचा उपयोग काय? स्ट्रिंग थिअरीत विश्वाला आणखी सहा गुंडाळलेल्या मिती मानतात आणि त्यांत अशी टोकदार ठिकाणे येतात. तिथे बिंदूचे गणित अडते. पण १९८५ मध्ये डिक्सन, हार्वे, वाफा आणि विटेन यांनी दाखवले, की तंतू तिथून सुखरूप जातो. इतकेच नव्हे, त्याच्या हिशेबातून येणारी संख्या गाठ सोडवलेल्या आकाराशी जुळते. प्रयोगाचा पुरावा या थिअरीला अजून नाही, हेही सांगितले पाहिजे.

नेहमीच्या संख्यांसाठी सर्व मितींमधल्या गाठी जपानच्या हिरोनाकांनी १९६४ मध्ये सोडवल्या. मूळसंख्येइतके तास असलेल्या घड्याळाप्रमाणे मोजायचे ठरवले, तर मात्र प्रश्न बिकट होतो. तिथे अभ्यंकरांनी १९५६ मध्ये पृष्ठभागांचा निकाल लावला, १९६६ मध्ये पाचाहून मोठ्या मूळसंख्यांसाठी तीन मितींचा. चार मिती आणि त्यापुढचा प्रश्न आजही कुणाला सुटलेला नाही.