पडदा घराचा कीं हाताचा?

परदेशीं गेलेल्या मुलांकडून घरीं येणाऱ्या वस्तू काळाप्रमाणें बदलत जातात. पूर्वीं घड्याळें येत, मग कॅमेरे येऊं लागले. आतां येतात ते निरनिराळ्या प्रकारचे पडदे. गेल्या वर्षीं आमच्या ज्येष्ठ चिरंजीवांनीं न्यू जर्सीहून आपल्या आजीसाठीं असाच एक पडदा धाडला. हातांत धरला म्हणजे तो टॅब्लेट. आणि आपल्या बैठकीवर, म्हणजे जिला डॉक म्हणतात तिच्यावर, बसविला म्हणजे दिवाणखान्यांतील स्मार्ट डिस्प्ले. वेळ, हवामान व कुटुंबांतील छायाचित्रें दाखविणें, दिवे-पंखे लावणें-मालविणें, हांक मारल्यास उत्तर देणें, हीं कामें तो तेथें बसून करतो. एका किंमतींत दोन वस्तू, असें विकणारे सांगतात. अशी वस्तू घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न पुष्कळ घरांत निघूं लागला आहे. म्हणून आमचा वर्षभराचा अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

ही कल्पना अगदींच नवी नाहीं. ॲमेझॉननें २०१८ सालीं आपल्या फायर टॅब्लेटांसाठीं अशी बैठक काढली. २०१९ च्या जानेवारींत लेनोव्होनें ॲलेक्सासह असाच एक टॅब्लेट पुढें आणला. २०२३ च्या जूनमध्यें गूगलचा पिक्सेल टॅब्लेट बैठकीसह ४९९ डॉलरांस, म्हणजे त्या वेळच्या दरानें सुमारें ४१,००० रुपयांस, परदेशांत विक्रीस आला. भारतांत गूगलनें तो बाजारांत आणला नाहीं. इकडे तो येतो नातलगांच्या बॅगेंतून. गमतीची गोष्ट ही कीं, वर्ष पुरतें भरण्यापूर्वींच, २०२४ च्या मे महिन्यांत, तोच टॅब्लेट बैठकीवांचून ३९९ डॉलरांस मिळूं लागला. ज्यानें लग्न लावलें त्यानेंच वर्षाच्या आंत काडीमोडाचीही सोय करून दिली!

आमच्या घरचा पडदा कोणाचा, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. जें घडलें त्यांत दोष यंत्राचा थोडा आणि आमचा पुष्कळ आहे.

पहिले दोन महिने मोठ्या कौतुकाचे गेले. पडदा दिवाणखान्यांतील फडताळावर, सर्वांना दिसेल असा, मांडला होता. मातोश्रींचें वय ८४. त्यांनीं आरंभीं त्यास ‘अरे बाबा’ अशी हांक मारून पाहिली. मग नातींनीं शिकविलेलें नांव पाठ केलें. रविवारीं सकाळीं अमेरिकेंतील पणतू त्या कांचेवर दिसे आणि मातोश्री त्याला लाडू दाखवीत. सायंकाळीं सात वाजतां घंटा होऊन रक्तदाबाच्या गोळीची आठवण होई. पूर्वीं हें काम आमच्या धाकट्या वहिनी करीत; त्यांना त्यांतून सुटका मिळाली. आठवण करून देणाऱ्या माणसास म्हाताऱ्या माणसांकडून जें कांहीं ऐकून घ्यावें लागतें, तें यंत्रास ऐकावें लागत नाहीं, हाही एक फायदाच.

तिसऱ्या महिन्यांत धाकट्या बंधूंच्या मुलाची परीक्षा जवळ आली. व्याख्यानें पाहण्यास फोनचा पडदा लहान पडतो, म्हणून तो टॅब्लेट उचलून माडीवर नेऊं लागला. तासाभरानें आणून ठेवीत असे. पुढें दोन तासांनीं. पुढें रात्रीं जेवतांना. त्याला दोष कसा द्यावा? वस्तू उचलून नेण्यासाठींच केलेली आहे! एके दिवशीं औषधांचें पाकीट पाहतां तीन गोळ्या अधिक उरल्या आहेत, असें वहिनींच्या ध्यानांत आलें. चौकशी होतां पुतण्या म्हणाला, “घंटा वाजली होती, आजी, पण मला वाटलें, माझ्याच क्लासची आहे. मीं बंद केली.” मातोश्री एवढेंच म्हणाल्या, “अरे, मग मला पाठविला होता तो कशाला?” पुढें कांहीं अनर्थ झाला नाहीं. इंग्रजींत औषधाच्या गोळीसही टॅब्लेटच म्हणतात, असा विनोद कोणीतरी केला. पण वहिनींना हंसूं आलें नाहीं. घंटेवर विसंबून त्यांनीं स्वतः आठवण करणें सोडलें होतें, ह्याचें त्यांना वाईट वाटत होतें.

ह्या जोडवस्तूचें मूळ वैगुण्य येथेंच आहे. डोकें सारें टॅब्लेटांत. बैठकींत फक्त विजेची सोय आणि स्पीकर. टॅब्लेट उचलला कीं बैठक मुकी होते. पिक्सेलचीच रीत पाहा. बैठकीवर असतां घरांतील कोणीही, कुलूप न उघडतां, त्यास दिवा लावावयास सांगूं शकतो. हातीं घेतला कीं तो मालकाच्या कुलपाखालीं जातो. म्हणजे जी वस्तू क्षणापूर्वीं सर्वांची होती ती उचलतांच एकाची होते. दिवाणखान्यांतील भिंतीचें घड्याळ जर कोणी दररोज आपल्या खोलींत नेऊं लागला, तर घरांत काय होईल? घड्याळ भिंतीवर आहे, ह्यांतच त्याचा अर्धा उपयोग आहे.

उलट बाजूसही एक अडचण आहे. एकाची खासगी वस्तू सर्वांपुढें मांडली जाते. आमच्या येथें छायाचित्रें दाखविण्याचें ठरवितांना चिरंजीवांनीं सुनबाईंच्या फोनमधील सगळाच संग्रह जोडून दिला. एका सायंकाळीं पाहुणे चहा घेत असतां, महाबळेश्वरच्या सहलीपाठोपाठ सुनबाईंच्या रुग्णालयांतील तपासणीचा कागद पडद्यावर झळकला. पाहुण्यांनीं पाहिला नसेल, असें आम्ही धरून चालतों. परंतु जी गोष्ट तिनें अद्याप सासूबाईंसही सांगितली नव्हती, ती अशी दिवाणखान्यांत यावी, ह्याची भरपाई कशानें होणार? दाखविण्याच्या चित्रांचा संग्रह निराळा करावा आणि त्यांत हातानें निवडूनच चित्रें घालावीं, हें ज्याच्या घरीं असा पडदा आहे त्यानें आजच करावें.

कानांविषयींही लिहिलें पाहिजे. २०२३ च्या मेमध्यें मुलांच्या आवाजाचीं ध्वनिमुद्रणें अकारण जपून ठेवल्याच्या आरोपावरून ॲमेझॉननें अमेरिकन सरकारला अडीच कोटी डॉलर देण्याचें मान्य केलें. कांहीं एको यंत्रांवर आवाज कंपनीकडे न पाठवितां घरच्याघरींच उलगडण्याची जी सोय होती, तीही २८ मार्च २०२५ पासून बंद झाली. ह्यानें घाबरून जावें असें नाहीं. पण कान बंद करण्याचें बटण कोठें आहे, हें विकत घेण्यापूर्वीं पाहावें. गूगलच्या लहान नेस्ट हबला कॅमेराच नाहीं, आणि ध्वनिग्राहक बंद करण्याची कळ पाठीमागें आहे. पिक्सेल टॅब्लेटला कॅमेरा आहे, पण त्यावर ओढण्याचें झांकण नाहीं.

जोडवस्तूच्या बाजूनें एक गोष्ट अवश्य सांगावी: तिला बॅटरी असते. वीज गेल्यावर नुसता डिस्प्ले काळा पडतो, हा चालूं राहतो. मात्र वायफायचें यंत्रही त्याच वेळीं डोळे मिटतें, तेव्हां हा दिवाणखान्यांत बसून आंतल्या चित्रांशीं खेळत राहतो.

तर मग ही वस्तू निरुपयोगी काय? तसें नाहीं. पुण्या-मुंबईस एका खोलींत राहणारा विद्यार्थी, किंवा दोघेंच नवरा-बायको असलेलें बिऱ्हाड ह्यांना ती सोयीची आहे. रात्रीं उशाशीं घेतली आणि सकाळीं स्वयंपाकघरांत बसविली. परंतु दहा-बारा माणसांच्या घरांत घराचा पडदा निराळा आणि हाताचा निराळा असावा. नेस्ट हब २०१९ सालीं आपल्याकडे ९,९९९ रुपयांस आला होता, म्हणजे जोडवस्तूच्या चौथाईच्या आसपास. ज्यांचे घरीं जुना टॅब्लेट पडून आहे त्यांनीं तो एका साध्या घोडीवर उभा करून प्रथम महिनाभर पाहावें. पुष्कळांना त्यापलीकडे कशाचीही गरज भासणार नाहीं. आणि औषधाची आठवण मात्र माणसाकडेच ठेवावी, यंत्र असलें तर दुसरें म्हणून असावें.

आम्हीं टॅब्लेट पुतण्यास परीक्षेसाठीं देऊन टाकला. चिरंजीवांना तसें कळविलें, त्यांना थोडें लागलें. दिवाणखान्यांत आतां वायरीस बांधलेला एक लहान डिस्प्ले आहे. तो कोणी उचलून नेत नाहीं, कारण नेला तर बंद पडतो. वहिनी सात वाजतां पूर्वींप्रमाणें गोळी घेऊन येतात. बहुधा घंटेच्या आधींच. जुनी बैठक फडताळावर तशीच आहे, आणि मातोश्री तिच्यावर आपला चष्मा ठेवतात.