पाणी पाजू नका, पाणी दाखवा

उष्टावण झालं की घरात एक नवीन काळजी शिरते. "बाळ पाणीच पीत नाही हो!" मग चमचा, पळी, बोंडलं अशी सगळी आयुधं बाहेर येतात. बाळ तोंड मिटतं, मान फिरवतं आणि पाणी जातं झबल्यावर. या सगळ्यात रडकुंडीला येते ती बाळाची आई. कारण सासूबाईंचं ठरलेलं वाक्य असतं, "आमची मुलं वाटी वाटी प्यायची!"

मंडळी, माझ्या वयाच्या बायकांनाच मला आज दोन शब्द सांगायचे आहेत.

आधी हिशेब पाहू. आईच्या दुधाच्या 100 भागांत सुमारे 87 भाग पाणीच असतं. म्हणून तर पहिले 6 महिने, अगदी कडक उन्हाळ्यातही, वरचं पाणी नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नंतर जेवण सुरू झालं तरी दूध चालूच असतं. शिवाय मऊ भात, वरण, नाचणीची खीर यांतून पाणी जातंच. त्यामुळे 6 महिने ते 1 वर्ष या वयात दिवसभरात 120 ते 240 मिलि, म्हणजे अर्धा ते एक कप वरचं पाणी पुष्कळ झालं. तेही थोडं थोडं. इवलंसं पोट पाण्याने भरलं तर दूध मागे पडतं. आणि पाणी फारच झालं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात.

"पण आमच्याकडे नागपूरला मे महिन्यात 45 अंश असतं, त्याचं काय?" असं कुणी विचारेल. तर मग जास्त वेळा पाजायला घ्या, पाणीही जास्त वेळा पुढे करा. पण जबरदस्ती तरीही नकोच.

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. कोंबलेलं टिकत नाही आणि पाहिलेलं विसरत नाही, हा वर्गातला अनुभव इथेही लागू पडतो. जेवताना बाळासमोर स्टीलचं छोटं फुलपात्र ठेवा, त्यात दोन घोट पाणी. आधी आपण आपल्या भांड्यातून प्यायचं, मग त्याच्या ओठांना भांडं लावायचं. घेतलं तर घेतलं. सांडेल, ठसका लागेल, दोन-चार आठवडे असेच जातील. जाऊ देत. पाणी खळखळून उकळून, झाकून गार केलेलं असावं. बाटली नको, तिचं बूच नीट साफ होत नाही. पाणी गोड करायला साखर नको, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.

मग पुरेसं पाणी जातंय हे ओळखायचं कसं? दिवसातून सहा-सात लंगोट ओले होताहेत, लघवी फिकट आहे, बाळ हसतंय, खेळतंय, म्हणजे सगळं ठीक. लघवी कमी झाली, तोंड कोरडं पडलं, बाळ मलूल झालं, किंवा जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर मात्र घरगुती चर्चा थांबवून तडक डॉक्टर गाठायचा.

तेव्हा आजीबाईंनो, सुनेला बोल लावण्याआधी लंगोट मोजा. बघा पटतंय का!